धूर पुढे जातो, लाट परत येते

बुलेटचा सायलेन्सर बदलायचा म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. दुकानाच्या पायरीवर टेकलेला एखादा पोरगा म्हणतो, "कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा गळा दाबतो दादा, मोकळा टाका, मग बघा गाडी कशी पळते ते." आतून हात पुसत आलेला वयस्कर मिस्त्री म्हणतो, "मोकळा टाकला की बॅक प्रेशर जातं आणि खालचा पिकअप मरतो." दोघांनीही आपापलं म्हणणं रस्त्यावर अनुभवलेलं असतं, त्यामुळे कोणी मागे हटत नाही. अनुभव दोघांचाही खरा, पण सांगितलेलं कारण दोघांचंही चुकलेलं. फोर-स्ट्रोक इंजिनाला बॅक प्रेशर कधीच नको असतं. धूर बाहेर ढकलायला पिस्टनला जितका जोर लावावा लागेल, तितकी चाकाकडे जाणारी ताकद कमी होणार, हा साधा हिशेब आहे. मात्र नुसता भोकाचा मोकळा पाइप लावूनही त्याचं भागत नाही. त्याला हवी असते पाइपातून नेमक्या वेळी परत येणारी एक लाट.

पेट्रोल जळतं, पिस्टन खाली जातो. तो तळाला पोहोचायच्या आधीच, क्रँकचे साधारण पन्नास-साठ अंश बाकी असताना, एक्झॉस्ट व्हॉल्व उघडू लागतो. थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर त्या क्षणी सिलिंडरात वातावरणाच्या कित्येक पट दाब शिल्लक असतो. तो व्हॉल्वच्या फटीतून इंजिनाला जोडलेल्या बेंड पाइपात फुटतो आणि दोन गोष्टी एकदम सुरू होतात. जळालेला वायू पाइपातून पुढे सरकू लागतो, ही एक. त्या धक्क्याची लाट पाइपात आधीपासून भरलेल्या वायूतून धावत सुटते, ही दुसरी. या दोन गोष्टी एकच आहेत असं समजण्यातून बाकीचा सगळा घोळ होतो. मालगाडीला इंजिन जोडताना पाहिलं असेल: इंजिन पहिल्या डब्याला टेकतं आणि धडधडत तो धक्का क्षणात शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचतो, डबे मात्र जेमतेम वीतभर हललेले असतात.

आकडेच मांडून पाहू. ३५० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन ६००० आरपीएमवर मिनिटाला ३००० वेळा हवा ओढतं. दर खेपेला सिलिंडर ८५ टक्के भरतो असं धरलं तर मिनिटाला सुमारे ९०० लिटर हवा आत जाते. बाहेर पडताना तिचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेलं असतं, म्हणून आकारमान जवळजवळ तिप्पट होतं. सेकंदाला ४५ लिटर. बेंड पाइपाचा आतला व्यास ३५ मिलिमीटर असेल तर वायूचा सरासरी वेग सेकंदाला ४६-४७ मीटर येतो, म्हणजे ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास. तेवढ्याच तापलेल्या वायूतून दाबाची लाट मात्र सेकंदाला सुमारे ६०० मीटर जाते. साध्या हवेतल्या आवाजाच्या वेगाच्या हे पावणेदोनपट झालं, कारण वायू जितका तापलेला तितका आवाज त्यातून जलद धावतो. धूर आठ सेंटिमीटर सरकतो तोवर लाट मीटरभर पुढे गेलेली असते.

आता ही लाट पाइपाच्या उघड्या तोंडाशी पोहोचली की काय होतं? दाबलेला वायू अचानक मोकळा होतो आणि झोकात गरजेपेक्षा थोडा जास्तच पसरतो. मागे कमी दाबाचा खळगा राहतो, आणि तो खळगाच उलट दिशेने इंजिनाकडे धावू लागतो. गेली ती ढकलणारी लाट, परत आली ती ओढणारी. बंद टोकावर आपटली असती तर ती ढकलणारीच राहून परतली असती.

ही ओढणारी लाट कधी पोहोचते यावर सगळं अवलंबून आहे. एक्झॉस्टचा फेरा संपता संपता, पिस्टन वरच्या टोकाशी असताना, काही अंशांपुरते दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी उघडे असतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. पिस्टन कितीही वर गेला तरी त्याच्या माथ्यावर थोडी जागा उरतेच आणि तिथे जळका वायू साचून राहतो; पिस्टन त्याला ढकलू शकत नाही. ओढणारी लाट नेमकी त्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्वशी आली, तर ती हा उरलेला वायू ओढून घेते आणि त्याच्यामागे ताजं मिश्रणही आत खेचायला लागते. पिस्टन खाली सुटायच्या आधीच सिलिंडर भरायला सुरुवात होते, तीही फुकटात. याच क्षणी ढकलणारी लाट आली तर मात्र जळका वायू उलटा सिलिंडरात आणि तिथून कार्ब्युरेटरच्या दिशेने रेटला जातो.

बेंड पाइप ८० सेंटिमीटरचा धरा. लाटेला जाऊन-येऊन १६० सेंटिमीटर पडतात आणि त्याला सेकंदाचा साधारण ३७५वा भाग लागतो. ६००० आरपीएमवर तेवढ्या वेळात क्रँक ९६ अंश फिरतो, ३००० आरपीएमवर फक्त ४८ अंश. इंजिनाचा वेग बदलतो, लाटेचा बदलत नाही. शिवाय लाट एकदा येऊन थांबतही नाही. पुन्हा पुन्हा आपटत, दर फेरीला थोडी विरत, आळीपाळीने ओढणारी आणि ढकलणारी होत राहते. त्यामुळे कुठलाही पाइप काही आरपीएमला मदत करतो आणि काही आरपीएमला घात करतो. इंजिनाच्या टॉर्कच्या आलेखात जे चढ आणि खड्डे दिसतात, त्यांतले बरेच या येण्याजाण्याने पडलेले असतात. सगळ्या वेगांना सारखाच चांगला पाइप बनवता येत नाही. कंपनीचा इंजिनिअर फक्त ठरवतो की मदत कुठे हवी आणि खड्डा कुठे चालेल.

वर पाइपाचं उघडं तोंड म्हटलं, ते सायलेन्सरचं मागचं टोक असेलच असं नाही. बेंड पाइप जिथे सायलेन्सरच्या रुंद पोटात उतरतो, तिथे वायूला अचानक जागा मिळते. लाटेच्या दृष्टीने पाइप बराचसा तिथेच संपतो आणि ती तिथून परत फिरते. मूळचा, आत खोल्या असलेला सायलेन्सर काढून त्याजागी आरपार भोकाची नळी बसवली की हे वळायचं ठिकाणच सरकतं. लाट पुढे जाते, उशिरा आणि अर्धवट विरून परत येते. आवाज वाढला एवढंच वरून कळतं. इंजिनाच्या लेखी मात्र एक्झॉस्टची लांबीच बदललेली असते.

व्यासाची गोष्ट वेगळी. वरच्या उदाहरणातला ३५ मिलिमीटरचा पाइप ४५चा केला तर क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं आणि वायूचा वेग सेकंदाला २८ मीटरवर येतो. वेगाने निघालेल्या वायूच्या लोळाला स्वतःचा जोर असतो, तो आपल्यामागे पोकळी ठेवत जातो आणि सिलिंडर रिकामा करायला हातभार लावतो. लोळ मंदावला की हा हातभार कमी झाला. ६००० आरपीएमवर वायू भरपूर असल्याने ते फारसं जाणवणार नाही, पण गावातल्या गर्दीत दोन-अडीच हजारावर गाडी मेल्यासारखी वाटेल. मिस्त्री ज्याला बॅक प्रेशर गेलं म्हणतो, ते हेच. आणि त्या पोराला वरच्या आरपीएमला गाडी मोकळी वाटते, तेही खोटं नाही. तिथे मूळच्या सायलेन्सरमधल्या खोल्यांचा अडथळा खरोखरच भारी पडत असतो. फक्त ३५० सीसीची बुलेट तिथे असते कितीसा वेळ? नव्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ४००० आरपीएमला मिळतो, आणि माणसं ती चालवतात त्याच्याही खाली.

खालचा पिकअप लाटेच्या जोरावर वाढवण्याचा एक प्रकार आपल्या डोळ्यांसमोरून रोज जातो. पल्सर किंवा डिस्कव्हरच्या काही मॉडेलांत इंजिनातून निघालेल्या बेंड पाइपाला लगेच एक लहानसं बंद डबडं जोडलेलं दिसतं. आकुर्डीच्या बजाजने त्याला एक्झॉस्टेक असं नाव दिलं. त्या डबड्यातून धूर कुठेच जात नाही, त्याला दुसरं तोंडच नाही. लाट आत शिरते, परत येते आणि मुख्य पाइपातल्या लाटेत मिसळून तिची वेळ बदलते, त्यामुळे कमी आरपीएमला ओढ वाढते. "हे काहीतरी उगाच लावलंय" म्हणून ते कापून बेंड पाइप सरळ करून घेणारे महाभाग आहेत. मग पुढच्या चढाला गिअर का उतरवावा लागतो, याचा शोध कार्ब्युरेटरमध्ये सुरू होतो.

लाटेचं हे तंत्र सर्वांत टोकाला नेलं ते पूर्व जर्मनीत, टू-स्ट्रोक इंजिनांवर. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टला व्हॉल्व नसतो, सिलिंडरच्या भिंतीत एक भोक असतं आणि पिस्टन वर-खाली होताना ते उघडतं-झाकतं. ताजं मिश्रण आत येताना तेही भोक उघडंच असल्याने काही मिश्रण सरळ धुराबरोबर निघून जातं. टू-स्ट्रोक गाड्या पेट्रोल जास्त पितात ते यामुळे. त्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात रेसिंग विभाग सांभाळणाऱ्या वाल्टर काडेन यांनी पन्नासच्या दशकात यावर पाइपातूनच इलाज केला. पाइप आधी हळूहळू रुंद होत जातो, मग फुगीर पोट, आणि पुढे निमुळता होत शेवटी एक बारीक नळी. रुंद होणारा भाग ओढणारी लाट लांबवर पसरून परत पाठवतो. ती जळका वायू तर खेचतेच, वर थोडं ताजं मिश्रणही पाइपात ओढून घेते. तेवढ्यात निमुळत्या भागावर आपटलेली ढकलणारी लाट येते आणि पाइपात निसटलेलं ते मिश्रण, भोक झाकायच्या ऐन आधी, परत सिलिंडरात कोंबते. सुपरचार्जरचं काम एका पत्र्याच्या फुग्याने केलं. १९६१ पर्यंत एमझेडचं १२५ सीसी इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं, म्हणजे लिटरमागे दोनशे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीला गेलेला एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेगनर परत गेलाच नाही. त्याने सुझुकी गाठली, आणि एमझेडचं ज्ञान त्याच्याबरोबर जपानला गेलं. १९६२ साली सुझुकीने ५० सीसी गटाचं विश्वविजेतेपद मिळवलं, चालक तोच. पुढची दोन-तीन दशकं जपानी टू-स्ट्रोक गाड्यांनी शर्यती गाजवल्या, त्यांच्या पोटाखालचा तो फुगीर पाइप मुळात त्शोपाऊचा.

आपल्याकडे त्या वंशातली लाडकी गाडी म्हणजे यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ती निघाली, पण ९८ सीसीत ११ अश्वशक्तीची तिची ओढ अजून लोक विसरलेले नाहीत आणि जुन्या गाड्यांच्या किमती ऐकून डोळे पांढरे होतात. तिच्या सायलेन्सरच्या शेपटीतून एक भोकाची नळी स्क्रू काढून बाहेर ओढता येते. गॅरेजात तिला जाळी म्हणतात. ऑइल मिसळलेलं पेट्रोल जळून या जाळीवर डांबरासारखी काळी काजळी चढते, भोकं बुजत जातात आणि गाडी वर ओढेनाशी होते. मग जाळी काढायची, आगीत लालभडक तापवायची किंवा कॉस्टिकच्या पाण्यात ठेवायची आणि तारेच्या ब्रशने खरवडायची. हे व्यवस्थित काम आहे, त्याने गेलेली ताकद परत मिळते. जाळी काढून फेकून देणं हे मात्र वेगळं. टू-स्ट्रोकच्या त्या फुगीर पाइपात थोडा दाब टिकवून धरणं हे शेवटच्या बारीक नळीचं काम असतं. ती मोकळी केली की लाटांचा जोर बिघडतो, मिश्रण हलकं, म्हणजे कमी पेट्रोलचं, पडतं आणि जास्त तापलेला पिस्टन एखाद्या दिवशी सिलिंडरात धरतो. मिस्त्री लोकांच्या तोंडी बसलेलं बॅक प्रेशर मला वाटतं इथूनच आलं असावं. टू-स्ट्रोकच्या जमान्यात त्यात तथ्य होतं, फोर-स्ट्रोकच्या जमान्यात नुसता शब्द उरला.

सायलेन्सर आवाज कसा मारतो, हे न पाहताच त्याची कापाकापी होते. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये पत्र्याच्या आडभिंतींनी दोन-तीन खोल्या केलेल्या असतात आणि वायू एका नळीतून पुढे, दुसरीतून मागे, तिसरीतून पुन्हा पुढे असा जातो. खोल्यांच्या आणि नळ्यांच्या मापामुळे लाटा एकमेकींवर आपटून एकमेकींना खाऊन टाकतात. बाजारात मिळणारे ग्लासवूल, शॉर्ट बॉटल, पंजाबी, इंदोरी यांची बाहेरची रूपं वेगवेगळी असली तरी त्यांतले बरेचसे उभे कापले तर आत एक सरळ जाळीदार नळी दिसते, आणि बनवणारा उदार असेल तर तिच्याभोवती काचेचा कापूस गुंडाळलेला. आवाज भोकांतून कापसात शिरतो, घासला जातो आणि उष्णता होऊन संपतो. कर्कश, वरच्या पट्टीचा आवाज कापूस चांगला खातो. खर्जाला तो आवरत नाही, म्हणून घराच्या खिडक्या थरथरतात. वर हा कापूस कायमचा नाही. गरम वायूच्या माऱ्याने तो हळूहळू भुगा होऊन मागच्या तोंडातून उडून जातो. दुकानात गोड वाटलेला आवाज पावसाळ्यानंतर सोसायटीच्या मीटिंगचा विषय होतो, तो त्यामुळे.

फटाके ही या सगळ्यातली सर्वांत निरर्थक गोष्ट. कार्ब्युरेटरच्या गाडीत चालता चालता चावी बंद केली की ठिणगी थांबते, पण पिस्टन मिश्रण ओढत आणि न जाळता पाइपात टाकत राहतो. चावी पुन्हा चालू केली की पहिल्याच ठिणगीची आग त्या साठ्याला लागते आणि सायलेन्सरच्या पोटात स्फोट होतो. इंधन इंजिनाच्या बाहेर जळालं. चाकाला त्यातलं काही मिळालं नाही. शिवणी उसवतात, एक्झॉस्ट व्हॉल्वला आच लागते. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत चावी बंद केली की इंधनही थांबतं, म्हणून तिथे ईसीयूचं प्रोग्रामिंग बदलून मुद्दाम हेच घडवून आणतात. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण नियमांच्या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हा प्रकार फार महागात पडतो. त्यातल्या बारीक बारीक खणांवर प्लॅटिनमच्या जातीच्या धातूंचा लेप असतो, आणि कच्चं पेट्रोल त्याच खणांत जळू लागलं की ते वितळून बुजतात. त्यानंतर मात्र इंजिनाचा गळा खरोखरच दाबला जातो.

बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर जागेवर ठेवून नुसता मागचा डबा बदलला तर ताकदीत पडणारा फरक बहुधा इतका किरकोळ असतो की आवाज बंद करून चालवली तर चालवणाऱ्याला सांगता येऊ नये. खरा फायदा वजनाचा; स्टेनलेस किंवा टायटॅनियमचा चांगला डबा काही किलो हलका असतो. ताकद हवी असेल तर बेंड पाइपासकट पूर्ण सिस्टीम बदलायची, इंधनाचा नकाशा नव्याने बसवायचा आणि ताकद मोजायच्या डायनोवर तपासायचं, असा तो उद्योग आहे. तो ट्रॅकवर करायचा. रस्त्यावर तो केला की गाडी प्रदूषणाच्या नियमात बसत नाही.

नियम आवाजाचेही आहेत आणि ते बरेच नेमके आहेत. नव्या दुचाकीला मान्यता देताना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था साडेसात मीटरवरून तिचा आवाज मोजतात. मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८०. डेसिबलचं गणित सरळ चढत नाही: ८०चे १०० झाले तर आवाजाची ऊर्जा शंभरपट झालेली असते. पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात त्याचे फोटो पेपरात येतात. हे सायलेन्सर बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांच्या दारात तो रोलर क्वचितच पोहोचतो, हे माझं त्यावरचं म्हणणं.

सायलेन्सर आधीच बदललेला असेल आणि थ्रॉटल सोडल्यावर गाडी मागून फुटफुटत असेल, तर पहिल्यांदा बेंड पाइप हेडला जिथे बसतो तिथलं तांब्याचं पॅकिंग बघावं. जुनं पॅकिंग एकदा दबलं की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. तिथे हेडवर काळ्या काजळीचा फराटा दिसला तर गळती नक्की. ओढणाऱ्या लाटेबरोबर बाहेरची हवा त्या फटीतून आत येते आणि पाइपातलं उरलंसुरलं पेट्रोल पेटतं. पॅकिंग ठीक असेल तर प्लग उघडून त्याचं टोक बघावं. विटकरी-कॉफी रंग असेल तर मिश्रण बरोबर आहे. पांढरंफटक असेल तर ते हलकं पडलंय, आणि कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा टाकेपर्यंत ती गाडी हायवेला नेऊ नये.